दारू सुटल्यानंतरची सोबत

आमच्या किनाऱ्यावरचा माणूस दारू सोडायला तयार होतो तो बहुधा पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, हातात पैसा नाही, उधारी थांबलेली. हातांची थरथर लपवायला दर्याचं निमित्तही उरत नाही. घरचे लोक याच दिवसांत त्याला पुण्याला किंवा मुंबईला नेतात. महिना-सव्वा महिना तो केंद्रात राहतो, जेवायला लागतो, चेहरा उजळतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास परत येतो, बोटी पाण्यात जातात, पहिल्या फेऱ्यांचा वाटा हातात पडतो. मग गणपती, मग दिवाळी, मग शिमगा. पालखी नाचवून झाली की पुष्कळ जण पुन्हा होते तिथेच आलेले असतात. घरचे म्हणतात, उपचार फुकट गेले. ते फुकट गेलेले नसतात. उपचारांनंतर जे लागतं ते आमच्याकडच्या लहान गावांत क्वचितच मिळतं.

ते म्हणजे सोबत. दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी ठरल्या वारी, ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसायचं, एकमेकांचं ऐकायचं आणि पुढच्या वारापर्यंत एकमेकांना धरून राहायचं. तिथे डॉक्टर नसतो, फी नसते, व्यासपीठ नसतं. या साध्या रीतीने जगभर लाखो लोक दारूपासून दूर राहिले आहेत. त्या रीतीची ओळख करून द्यावी आणि ती आपल्या वाड्यांमध्ये कशी रुजेल याचा विचार व्हावा, यासाठी हे पुस्तक आहे. मी आंजर्ल्यात अनेक वर्षं दवाखाना चालवतो. दारूने आजारी पडलेली माणसं माझ्याकडे येतात ती कावीळ, रक्ताची उलटी, पडून फुटलेलं डोकं, फिट अशा तक्रारी घेऊन. त्या दुखण्यांवर मी औषध देऊ शकतो. पण संध्याकाळी सातला त्याच्या घशाला जी कोरड पडते, तेव्हा त्याच्याजवळ बसायला मी नसतो. संपादकांनी प्रस्तावना लिहाल का असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो, ते या संध्याकाळच्या सातसाठी.

दारूचं अवलंबित्व हा आजार आहे हे आता सगळे तोंडाने म्हणतात, मनातून मात्र तो माणसाचा नालायकपणाच धरतात. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच चालायला शिकलेला असतो. ती एकाएकी तोडली की हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना फिट येते, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून फार पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत. पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेला पाहिजे. या काळात गुंगीची औषधं लागतात, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व लागतं. पुढे ओढ कमी करणाऱ्या गोळ्याही मिळतात. एवढं झालं की शरीर स्वच्छ होतं. ओढ मात्र वर्षानुवर्षं राहते, आणि ती नेमक्या ठिकाणी दबा धरून बसलेली असते: बंदरावरची ठरावीक टपरी, पगाराचा दिवस, भावाशी झालेलं जमिनीचं भांडण, मुंबईहून आलेला जुना दोस्त.

हा प्रश्न किती मोठा आहे ते दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून दिसलं. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतले पावणेसहा कोटींच्या आसपास लोक मदत लागावी इतकं पितात, आणि जवळपास तीन कोटी लोक तिच्यावर पूर्ण अवलंबून आहेत. याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळाले होते, आणि भरती होऊन उपचार घेणारे तर १८० मध्ये एक. उरलेल्यांसाठी केंद्रं कधी बांधून होणार? तेवढे मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? दापोली तालुक्यात राहणाऱ्याला हे प्रश्न वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

महाराष्ट्राने दारूचा विचार पूर्वीपासून केला आहे, पण तो बहुतेक दुकानाच्या बाजूने. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुण्यातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध नगरपालिकेला लिहिलं. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधन झालं, त्यामागे लोकमान्य टिळक होते. त्यांचं मूळ गाव चिखलगाव, म्हणजे आमच्याच दापोली तालुक्यातलं. आंजर्ल्याला लागून असलेल्या मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे १९२७ मध्ये मुंबई इलाख्याचे मंत्री असताना अबकारी खातं त्यांच्याकडे होतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. साठच्या दशकात तो सैल होत गेला, आणि परवान्याच्या रूपाने अजून आपल्या बोकांडी आहे. वर्धा, गडचिरोली, काही वर्षं चंद्रपूर या जिल्ह्यांत बंदी झाली. गावोगावच्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. या सगळ्या लढ्यांबद्दल मला आदर आहे. दुकान जवळ नसेल तर कोवळी पोरं वाचतात हे मी पाहिलेलं आहे. पण ज्याला दारूची सवय जडलीच आहे तो दुकान बंद झालं की हातभट्टीकडे जातो, आणि हातभट्टीत काय घातलेलं असेल ते २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली तेव्हा दिसलं.

माणसाच्या बाजूने विचार केला तो वारकऱ्यांनी. गळ्यात माळ पडली की दारू सुटते, हे महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी अनुभवलं आहे. गाडगेबाबा कीर्तनातून पिणाऱ्यालाच प्रश्न विचारत. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ पासून दासबोधाचं निरूपण सुरू केलं, आणि रायगड-रत्नागिरीतल्या वाड्यावस्त्यांवर ‘बैठकीला जातो’ याचा अर्थ ‘आता पीत नाही’ असाही होतो. नुसतं व्रत घेतलं म्हणून दारू सुटते यावर माझा विश्वास नाही. दिंडीतल्या आणि बैठकीतल्या माणसांनी आठवड्याच्या आठवड्याला विचारपूस केली, त्याची संध्याकाळ भरून काढली, म्हणून ती सुटते. अडचण येते ती पाऊल घसरल्यावर. माळ असलेला माणूस एकदा प्यायला की लाजेने माळ काढून ठेवतो, तोंड लपवतो आणि मंडळींपासून तुटतो. त्याला मंडळींची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी तेव्हा. परस्पर-साहाय्याच्या बैठकीत घसरून आलेल्याला पुढे बसवतात, कारण त्याच्या तोंडून इतरांना काल काय झालं ते ऐकायचं असतं. माझ्या मते या रीतीचं सामर्थ्य इथे आहे.

ती रीत सुरू झाली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात, १९३५ मध्ये. त्याच्या जवळजवळ शतकभर आधी, १८४० मध्ये, बाल्टिमोरमधल्या सहा पिणाऱ्यांनी एका गुत्त्यात बसून ‘वॉशिंग्टोनियन’ मंडळ काढलं होतं. काही वर्षांत त्याचे सदस्य लाखांनी मोजले जाऊ लागले. मग ते राजकारणात आणि दारूबंदीच्या वादात ओढलं गेलं आणि तितक्याच झपाट्याने विरलं. अ‍ॅक्रनच्या मंडळींनी पुढे यातून धडा घेतला, त्याकडे येतोच.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कमधला शेअरबाजारातला माणूस. दारूने नोकरी, पैसा, अब्रू सगळं गिळलं. डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला समजावलं की हा आजार आहे. दारू सोडलेल्या एका जुन्या मित्राने त्याला ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक मंडळाची ओळख करून दिली. १९३४ च्या डिसेंबरात त्याने दारू सोडली. पुढच्या मे महिन्यात तो कामासाठी अ‍ॅक्रनला गेला, काम फिसकटलं, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा उभा असताना पलीकडच्या बारमधला गलका त्याच्या कानी आला. परक्या गावात, खिशात फारसं काही नाही, आणि मन खचलेलं. त्याने बारकडे पाठ फिरवून टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत विचारत सुटला, इथे दारूने बुडालेला दुसरा कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्यातून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. डॉक्टर स्वतः हाताबाहेर पीत होते. ‘पंधरा मिनिटं भेटतो’ म्हणून आलेले डॉक्टर काही तास बसले. पुष्कळ लोकांनी त्यांना उपदेश केला होता. स्वतःची कहाणी सांगणारा आणि ‘मला तुमची गरज आहे’ म्हणणारा हा पहिलाच. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, आपल्याकडे जिला नुसतं ‘एए’ म्हणतात त्या संघटनेचा, स्थापना-दिवस मानतात. तिसरा माणूस त्यांना अ‍ॅक्रनच्या इस्पितळात खाटेवर सापडला. तो वकील होता.

बिलने अ‍ॅक्रनमध्ये फोन का लावला हे नीट ध्यानात घेतलं पाहिजे. डॉ. बॉबना वाचवायला त्याने तो लावला नव्हता. आपण स्वतः त्या रात्री पिऊ नये म्हणून त्याला दुसऱ्या पिणाऱ्याची गरज होती. मदत करणारा आणि मदत घेणारा असा फरक या रीतीत राहत नाही. दहा वर्षं न प्यालेल्याला काल सोडलेल्याची जितकी गरज, तितकीच काल सोडलेल्याला त्याची. म्हणून इथे उपकाराचं ओझं नाही. आपल्या समाजात मदत नेहमी वरून खाली येते, देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याची मान खाली. ती सवय इथे सोडावी लागते.

एएच्या बारा पायऱ्या लिहिल्या गेल्या त्या १९३९ च्या पुस्तकात, ज्याला सगळे ‘बिग बुक’ म्हणतात. त्यांचा गाभा थोडक्यात असा: दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करणं, आपल्याहून मोठ्या शक्तीचा आधार घेणं, स्वतःच्या वागण्याची झाडाझडती लिहून काढणं आणि ती एका माणसाजवळ मोकळी करणं, ज्यांना दुखावलं त्यांची जमेल तिथे भरपाई करणं, आणि हे सगळं पुढच्या पिणाऱ्यापर्यंत नेणं. पायऱ्या माणसासाठी आहेत, तशा समूहासाठी बारा परंपरा आहेत. त्या १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. दारू सोडायची इच्छा ही सदस्यत्वाची एकच अट. बाहेरून देणगी घ्यायची नाही. बाहेरच्या कोणत्याही वादात, अगदी दारूबंदीच्या वादातसुद्धा, संघटना मत देणार नाही. वर्तमानपत्रात सदस्याचं नाव-छायाचित्र येणार नाही. कायमचा पुढारी नाही. वॉशिंग्टोनियन मंडळ ज्या दगडांवर फुटलं ते सगळे इथे टाळलेले दिसतात. सुरुवातीला बिलने धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे मोठ्या निधीची आशा धरली होती. त्यांनी अगदी थोडी मदत दिली आणि पैशाने हे काम बिघडेल असं मत दिलं. कोकणात प्रत्येक देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी असते. एएच्या बैठकीत अशी पाटी नसते. तिथला चहा बसलेल्यांच्याच दहा-वीस रुपयांतून होतो, आणि म्हणून ‘ही बैठक कुणाची?’ हा प्रश्नच उद्भवत नाही.

बायकांचं काय, हा प्रश्न बिलची पत्नी लोइसलाही पडला होता. १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू झालं, पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी, आणि १९५७ मध्ये त्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. नवऱ्याने सोडली तरी आणि नाही सोडली तरी, बाईला स्वतःची शांत झोप मिळाली पाहिजे, हे तिथलं सूत्र मला फार मोलाचं वाटतं.

एए ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी शाखा, एकमेव नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये १८७७ पासून ब्लू क्रॉस आहे, चर्चच्या आधाराने चालणारी. क्रोएशियात, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, डॉ. व्लादिमीर हुडोलिन यांनी १९६४ मध्ये झाग्रेबला पहिला क्लब काढला. तिथे अख्खी कुटुंबं बसतात, आणि क्लब मोठा झाला की त्याचे दोन करतात. जपानमधल्या ‘दान्शुकाई’ मंडळांचा देशव्यापी संघ १९६३ चा. त्यांनी एएकडून बरंच घेतलं पण निनावीपणा नाकारला. तिथे नाव सांगून बोलतात आणि बायको शेजारी बसलेली असते. जीन कर्कपॅट्रिक या अमेरिकन बाईंना पुरुषांसाठी लिहिलेल्या पायऱ्या मानवल्या नाहीत. आधीच मान खाली घालून जगणाऱ्या बाईला ‘मी हतबल आहे’ म्हणायला का लावता, असा त्यांचा सवाल होता, आणि सत्तरच्या दशकात त्यांनी स्त्रियांसाठी वेगळं मंडळ उभारलं. ज्यांना देवाचा उल्लेखच नको त्यांच्यासाठी १९९४ पासून ‘स्मार्ट रिकव्हरी’ आहे. ती विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर उभी आहे. मुर्डीचे रँग्लर परांजपे कट्टर बुद्धिवादी होते, त्यांना बहुधा हीच शाखा पटली असती. एएमध्येही उच्च शक्ती म्हणजे ज्याने त्याने काय मानायची ते मानावी अशी मोकळीक आहे. कुणी कड्यावरचा गणपती मानेल, कुणी अल्ला, कुणी बाबासाहेब-बुद्धांचा विवेक, कुणी समोर बसलेली ही दहा माणसं.

भारतात एए १९५७ मध्ये आलं आणि मुंबईत चांगलंच रुजलं. मराठी बैठका होऊ लागल्या, ‘मीटिंग’, ‘शेअरिंग’, ‘स्लिप’, ‘स्पॉन्सर’ हे शब्द जसेच्या तसे मराठी झाले, आणि न पिता वर्ष झालं की ‘बर्थडे’ साजरा होऊ लागला. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन काढलं. ते स्वतः या आजारातून सावरलेले, आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. ते घडवलं डॉ. सुनंदा अवचट यांनी. मुक्तांगणचे कित्येक समुपदेशक पूर्वी तिथेच रुग्ण म्हणून आलेले आहेत. ज्याने ते भोगलं आहे त्याच्याच तोंडून ऐकलेलं लागू पडतं, हे अ‍ॅक्रनचं तत्त्व तिथे मराठी बोलू लागलं. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट तिथे आहे. मराठी माणसाला व्यसनी माणसाकडे प्रेमाने बघायला मुक्तांगणने शिकवलं असं मी म्हणेन, आणि यात अतिशयोक्ती नाही.

हे सगळं शहरातलं. खेड्यांसाठी बघायचं तर तमिळनाडू आणि कर्नाटकाकडे पाहावं. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने खेड्यात जाऊन, गावातल्याच जागेत पंधरा दिवसांची शिबिरं घेतली. माणूस उपचारांसाठी गाव सोडत नाही, गावासमोरच बरा होतो. आणि आपल्याच किनाऱ्याने खाली गेलं की धर्मस्थळची मंडळी गावोगाव मद्यवर्जन शिबिरं घेतात, आणि शिबिर संपलं की त्याच माणसांच्या ‘नवजीवन’ समित्या नियमित बसतात. मंगळुरू पट्ट्यातलं हवामान, मासेमारी, सुपारी-नारळाची बाग, देवाला कौल लावणारी माणसं, सगळं आपल्यासारखंच आहे. तिथे जमतं ते इथे न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

याचा उपयोग होतो का, असं डॉक्टर म्हणून मला विचारलं जातं. बराच काळ पुरावा कच्चा होता, कारण निनावी माणसांची मोजदाद कशी करणार? २०२० मध्ये कॉक्रेन या नामांकित परीक्षण-संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांवर लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार, पूर्ण दारूमुक्तीच्या बाबतीत, इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. वर्षभराने पूर्णपणे न पिणारे शंभरात सुमारे ४२, तर इतर उपचारांत ३५. फरक डोळे दिपवणारा नाही, पण एएच्या बैठकीला लागणारा खर्च बघा. तो जवळजवळ शून्य. याच आढाव्याचे एक लेखक जॉन केली यांच्या अभ्यासांतून असंही दिसतं की एएचा परिणाम सर्वांत जास्त होतो तो माणसाची ऊठबस बदलल्यामुळे. पिणारे सोबती कमी होतात, न पिणारे वाढतात. शंभरातले उरलेले ५८ मात्र मी विसरू देणार नाही. ही रीत सर्वांना लागू पडत नाही. कुणाला औषधं लागतात, कुणाला दारूखाली दडलेल्या नैराश्यावर उपचार लागतात, आणि बैठकीत कुणी कुणाच्या गोळ्या बंद करायला सांगू नये.

आता आपल्या गावाकडे येतो. निनावीपणा मुंबईत सोपा आहे. गिरगावचा माणूस दादरच्या बैठकीला जातो, कुणाला पत्ता नसतो. आंजर्ल्यात शाळेच्या पडवीबाहेर कुणाच्या चपला होत्या ते सकाळपर्यंत सगळ्या वाड्यांना कळतं. म्हणून खेड्यात हे चालणारच नाही असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. कोण पितो हे गावाला आधीच माहीत असतं, त्यात लपवण्यासारखं उरलेलं काही नसतं. जपायचं असतं ते आत बोललेलं: बायकोचं मंगळसूत्र कुठे गेलं, बापाच्या सहीच्या जागी कुणी सही केली, पोरीला रात्री कुणी घराबाहेर काढलं. ‘इथे ऐकलेलं इथेच’ हा नियम लहान गावात जास्त कडकपणे पाळावा लागेल, आणि तो मोडणाऱ्याला शांतपणे पण ठामपणे सांगावं लागेल.

निनावीपणाचा दुसरा उपयोग आपल्या गावांना अधिक आहे. एखाद्याने सहा महिने घेतली नाही की गाव कौतुकाने त्याला सत्यनारायणाच्या मांडवात उभा करतो, शाल आणि श्रीफळ देतो, चार शब्द बोलायला लावतो. हेतू चांगला असतो. पण त्या क्षणापासून तो आदर्श झालेला असतो, आणि आदर्शाला ‘काल मला फार प्यावीशी वाटली’ असं म्हणायची सोय राहत नाही. तो एकटा पडतो आणि एकट्यानेच पितो. असे सत्कार करू नयेत अशी माझी गावकऱ्यांना हात जोडून विनंती आहे. त्याच्या घरी जा, चहा प्या, निघा.

गावात ज्या अडचणी आहेत त्या बैठकीपेक्षा वाड्यांच्या आहेत. कोळीवाडा, कुणबीवाडी, बौद्धवाडी, आगर, मोहल्ला: दारू सगळीकडे आहे, पण एका सतरंजीवर बसायची सवय नाही. बैठक कुणाच्या वाडीत भरणार यावर ती कुणाची हे ठरून जाईल. देवळाचा सभामंडप सर्वांना मोकळा वाटतो का, हे प्रामाणिकपणे विचारावं लागेल. पिणाऱ्या बायाही आहेत, हे कुणी उच्चारत नाही, आणि पुरुषांच्या बैठकीत त्या येणार नाहीत. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० ला आमच्या बागा आडव्या केल्या तेव्हा ज्याच्या घरावर झाड पडलं तिथे अख्खी वाडी करवती घेऊन धावली, कुणाचं घर हे न विचारता. दारूने पडलेल्या घराकडे मात्र आपण वळूनही बघत नाही. ते घरही तितकंच उघड्यावर आलेलं असतं.

या पुस्तकाने त्या घराकडे वळायचा रस्ता धरला आहे. बरे झालेल्यांचे, त्यांच्या बायकांचे आणि मुलांचे अनुभव इथे त्यांच्याच बोलीत आहेत. नावं बदलली आहेत, आणि बोटींचीही, कारण आमच्याकडे बोटीचं नाव कळलं की तांडेल कळतो. यशाच्या गोष्टी वेचून घेतलेल्या नाहीत. पुन्हा पिऊ लागलेल्यांनीही इथे लिहिलं आहे, आणि एका आईने लिहिलं आहे जिचा मुलगा वाचला नाही. तिचं लिखाण मी अजून एका बैठकीत पूर्ण वाचू शकलेलो नाही. त्याबरोबर एए, अल-अनॉन आणि इतर मार्गांची माहिती, वैद्यकीय सूचना, आणि गावात बैठक सुरू करायची तर काय करावं आणि काय टाळावं हेही आहे. एकच मार्ग खरा असा आग्रह संपादकांनी धरलेला नाही. बैठकीला जाणारा, माळकरी, नास्तिक, दर्ग्याला जाणारा, प्रत्येकाला यातून काही उचलता यावं अशी त्यांची मांडणी आहे. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांसाठी, चाकरमानी घरी येतात त्या काळासाठी, वेगळं लिहिलेलं मला विशेष आवडलं. मुंबईत वर्षानुवर्षं बैठकीला जाणारा माणूस गावी दहा दिवस येतो आणि त्या दहा दिवसांत त्याला बसायला जागा नसते. त्याच दिवसांत इथे एक बैठक भरली तर तो शिकवणारा ठरेल आणि इथला माणूस शिकेल.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. घरात कुणी रोज पीत असेल आणि सोडायची भाषा बोलत असेल तर आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. घरच्या घरी एकदम तोडू नका. कुठे जावं कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतः सोडली असेल, मग ती कालच का असेना, तर दुसरा एक माणूस शोधा आणि आठवड्यातला एक वार ठरवा. दोन माणसं पुरतात, अ‍ॅक्रनमध्ये दोघेच होते. जागेची अडचण असेल तर माझ्या दवाखान्याची पुढची खोली संध्याकाळी सातनंतर रिकामी असते.

आंजर्ले, जि. रत्नागिरी